रॅम घेण्याआधी



आज व्याकरण नाही आणि गणितही नाही (म्हणजे थोडं गणित येणारच, सवय जात नाही). आज लिहायचंय लॅपटॉपच्या रॅमबद्दल. शाळेत ज्याला एक्सेलमध्ये निकालपत्रक करता येतं, त्याला सगळे संगणकातलं सगळं कळतं असं समजतात. तुमच्याही शाळेत असं कुणीतरी असेल, कदाचित तुम्हीच असाल. आमच्या शाळेत ती मी. यू-डायस प्लसची माहिती मी भरते, प्रिंटर रुसला की मलाच हाक येते. एवढ्याच भांडवलावर मी एका पालकाला छातीठोक सल्ला दिला आणि तिचे एकोणीसशे रुपये चुकीच्या वस्तूवर घालवले. ती गोष्ट सांगते. तिच्यात रॅम कशी निवडायची तेही येईल.

आमची शाळा उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये. २०२४ चा जून, शाळा नुकती सुरू झालेली. दोन वर्षांपूर्वी दहावी झालेल्या एका मुलीची आई गेटवर भेटली. मुलगी आता बारावी सायन्सला, सीईटीची तयारी करत होती. सीईटी संगणकावरच द्यावी लागते, त्यामुळे सराव परीक्षाही संगणकावरच. ताई घरी बसून जीन्सचे धागे कापायचं काम करतात. कॅम्प ५ कडच्या कारखान्यातून गठ्ठे येतात, कापून परत जातात. ज्यांच्याकडून माल येतो त्यांच्या ऑफिसमधला जुना लॅपटॉप त्यांनी हप्त्याने पैसे कापून घेतला होता.

"मॅडम, लय अडकतो ओ. पेपर चालू असतो आणि गोल गोल फिरत बसतं. वेळ तर जातोच ना तिचा. नवीन घ्यायला लागेल का?"

मी विचारलं, "रॅम किती आहे?" मुलीने सांगितलं, चार जीबी. प्रोसेसर आयथ्री, सहावी जनरेशन. मी लगेच म्हटलं, "नवीन कशाला? आठ जीबी रॅम टाका, डीडीआर४ घ्या, पळायला लागेल बघा." सहावी जनरेशन म्हणजे डीडीआर४, हे मी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. लॅपटॉप बघितला नाही, उघडला नाही, उलटा करून खालचं स्टिकरसुद्धा वाचलं नाही.

चार दिवसांनी ताई परत आल्या. हातात छोटी प्लॅस्टिकची डबी. "मॅडम, ही बसतच नाही म्हणतात."

त्यांनी दुकानातून नवी, नामांकित कंपनीची, आठ जीबीची पट्टी घेतली होती. माल अस्सल होता. आपल्या उल्हासनगरवर "मेड इन यूएसए" चा जुना विनोद आहे, यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! त्यामुळे पहिला संशय सगळ्यांनी दुकानावर घेतला. आमच्या स्टाफरूममध्येही "डुप्लिकेट असेल हो" असाच सूर होता. पण वस्तू खरी होती आणि चुकीची होती. आणि ती चुकीची असण्याचं कारण मी होते. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. पाकीट फोडलेलं, आणि बिलावर खाली छापलेलंच होतं की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्याने तेवढं म्हटलं म्हणे, "आपने जो माँगा, वही दिया."

किती जीन्सचे धागे कापल्यावर एकोणीसशे रुपये होतात, हे ताईंनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. रविवारी लॅपटॉप मी घरी घेऊन गेले.

आता तुम्हाला वाटेल, बाईंना आधी उघडून बघता आलं असतं की. खरंच आलं असतं. चार्जर काढला, लॅपटॉप पूर्ण बंद केला (नुसता झोपवलेला नाही, बंद), उलटा केला. या मॉडेलला मागे छोटं झाकण होतं, एकाच स्क्रूचं. सगळ्यांना असं नसतं, काही लॅपटॉपचं अख्खं तळ काढावं लागतं, आणि मग ते काम तुमचं-माझं नाही, दुरुस्तीवाल्याचं. आत दोन खाचा होत्या. एक रिकामी, एकीत जुनी पट्टी. दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. ती अलगद ओढून काढली. काढण्याआधी एक करा, हात कुठल्यातरी जमिनीला टेकलेल्या लोखंडी वस्तूला लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. विज्ञानात फुगा केसांना घासायचा प्रयोग आपण घेतो ना, तीच वीज. चिप तेवढ्यानेही जाऊ शकते.

जुनी पट्टी आणि नवी पट्टी शेजारी ठेवल्या. दोन्ही साधारण सात सेंटिमीटर लांब. सोनेरी दातांच्या रांगेत एक खाच असते, ती दोघींची वेगवेगळ्या जागी. म्हणूनच बसत नव्हती. दात मोजले तर जुन्या पट्टीला दोन्ही बाजू मिळून २०४, नवीला २६०. खाच मुद्दाम वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते, चुकीची पट्टी कुणी कोंबू नये म्हणून. दुकानातल्या मुलाने जोर लावला नाही हे आमचं नशीब. मदरबोर्डची खाच मोडली असती तर अख्खा लॅपटॉपच गेला असता.

मग लेबलं वाचली. जुन्या पट्टीवर होतं: ४ जीबी, १आरएक्स८, पीसी३एल-१२८००एस. नवीवर: ८ जीबी, १आरएक्स८, पीसी४-२६६६व्ही. रात्री दहा वाजता डायनिंग टेबलावर चष्मा लावून मी ते वाचत बसले आणि मला आमच्या गावाचे पत्ते आठवले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धातलं कल्याणजवळचं लष्करी छावणीचं ठिकाण. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींमध्ये वसवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीचं उल्हासनगर असं नाव झालं. बराकी कधीच्या गेल्या, त्या जागी मजल्यांवर मजले चढले, पण पत्त्यात अजूनही कॅम्प नंबर, सेक्शन, बॅरेक नंबर आणि खोली नंबर असंच लिहितात. खोली नंबर बरोबर आणि कॅम्प चुकला तर? कॅम्प ३ ऐवजी ४ लिहिलं तर माणूस विठ्ठलवाडीला उतरेल आणि तिथे तो बॅरेक नंबर शोधत फिरेल. घर अस्सल असून उपयोग काय.

रॅमचं लेबल तसंच वाचायचं. पहिला कॅम्प, म्हणजे पिढी: पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४, पीसी५ म्हणजे डीडीआर५. हा आकडा चुकला की पुढचं सगळं व्यर्थ, एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसतच नाही. मग सेक्शन: लॅपटॉपची की डेस्कटॉपची? लॅपटॉपच्या पट्टीला एसओ-डिम म्हणतात, ती छोटी. डेस्कटॉपची जवळपास दुप्पट लांब, तेरा सेंटिमीटरच्या वर. हे डोळ्यांनीच कळतं, तरी ऑनलाइन मागवताना लोक चुकतात, कारण फोटोत लांबी कळत नाही. मग ते छोटं "एल" अक्षर. ते मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर. एल वाली पट्टी जुन्या १.५ च्या लॅपटॉपमध्ये बहुधा चालते, पण फक्त १.३५ साठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ टाकली तर तो सुरूच होत नाही. गंमत म्हणजे या दोघींची खाच एकाच जागी असते, पट्टी झक्कास बसते आणि पडदा काळा राहतो. तेव्हा जुन्या लॅपटॉपसाठी सेकंडहँड घेताना ते एल अक्षर नखाने दाखवून विचारा.

शेवटी वेग. आणि इथे गणित. लेबलवर १२८०० लिहिलंय आणि लोक म्हणतात "१६०० ची रॅम". कुठलं खरं? दोन्ही. १६०० म्हणजे सेकंदाला १६०० दशलक्ष वेळा देवाणघेवाण, आणि प्रत्येक वेळी ६४ बिट म्हणजे ८ बाइट जातात. १६०० गुणिले ८ बरोबर १२,८००. तसंच २४०० गुणिले ८ बरोबर १९,२०० आणि ३२०० गुणिले ८ बरोबर २५,६००. आठवीच्या मुलांना मी आता हे उदाहरण देते, बिट-बाइटचा गुणाकार इतक्या आनंदाने त्यांनी कधी केला नव्हता.

वेग मात्र कॅम्पइतका कडक नाही. जास्त वेगाची पट्टी कमी वेगाच्या लॅपटॉपमध्ये टाकली तर ती मुकाट्याने कमी वेगाने चालते. दोन वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर दोघी हळू असलेलीच्या वेगाने चालतात. म्हणून वेगासाठी पाचशे रुपये जादा मोजायची आपल्या कामाला काहीच गरज नाही.

पण मग माझी चूक नेमकी कुठे झाली? सहावी जनरेशन म्हणजे डीडीआर४ हे साफ खोटं होतं का? नाही, आणि तीच मोठी गोम आहे. ताईंच्या लॅपटॉपमध्ये आयथ्री-६००६यू हा प्रोसेसर होता. हा प्रोसेसर डीडीआर४ २१३३ लाही चालतो आणि डीडीआर३एल १६०० लाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने मदरबोर्डवर कुठली खाच बसवली, त्यावर सगळं ठरतं. म्हणजे एकाच प्रोसेसरचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तर एकात डीडीआर४ असू शकते आणि दुसऱ्यात डीडीआर३एल. प्रोसेसरच्या नावावरून रॅम सांगणं म्हणजे मुलाच्या आडनावावरून त्याची इयत्ता सांगण्यासारखं आहे. मी ते केलं होतं.

हे सगळं लॅपटॉप न उघडताही बऱ्यापैकी कळतं. विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. तिथे वेग दिसतो, आणि "स्लॉट्स यूज्ड" समोर दोनपैकी एक वगैरे लिहिलेलं असतं. "फॉर्म फॅक्टर" समोर एसओ-डिम ऐवजी "रो ऑफ चिप्स" दिसलं तर बहुधा रॅम बोर्डवरच डकवलेली आहे, बदलता येणार नाही. सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर पिढीसुद्धा स्पष्ट सांगतं. आणि लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की जास्तीत जास्त किती जीबी चालते ते मिळतं. पूर्ण नंबर हं, नुसतं मालिकेचं नाव नाही. एका नावाखाली डझनभर वेगवेगळे बोर्ड विकलेले असतात.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी आणि ताई दोघी निघालो. आधी त्या दुकानात, बदलून तरी देतात का बघायला. नाही म्हणाले. मग सतरा सेक्शनकडे, एका बोळातल्या दुरुस्तीवाल्याकडे. तिथे मेलेल्या लॅपटॉपांची थप्पी छतापर्यंत. साठीचे गृहस्थ, डोळ्याला भिंग लावलेलं. मी एखाद्या पेशंटचा रिपोर्ट द्यावा तशी जुनी पट्टी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी लेबल बघितलं, काही न बोलता एका डब्यातून तशीच चार जीबीची डीडीआर३एल पट्टी काढली आणि रिकाम्या खाचेत बसवली. "साडेचार सौ. सात दिन चेक करो, नहीं चला तो वापस."

लॅपटॉप सुरू केला, रॅम दिसली चारच. माझ्या पोटात गोळा. त्यांनी पट्टी काढली आणि मला म्हणाले, "मॅडम, रबर है?" शिक्षिकेच्या पर्समध्ये खोडरबर नसेल तर कुणाच्या असेल! त्यांनी सोनेरी दातांवरून हलक्या हाताने खोडरबर फिरवलं, फुंकर न घालता मऊ ब्रशने कण झटकले, परत बसवली. आठ जीबी. आपल्याकडच्या पावसाळी हवेने दातांवर थर चढतो, एवढंच होतं. (नंतर शाळेतला एक "मेलेला" लॅपटॉप मी याच उपायाने उठवला. खसाखसा घासू नका मात्र, सोन्याचा मुलामा कागदाहून पातळ असतो.)

स्क्रीनवर आठपैकी ७.९ वापरण्याजोगी असं लिहून आलं तेव्हा ताई लगेच म्हणाल्या, "पॉइंट एक कुठे गेली?" दुसऱ्यांदा फसायची त्यांची तयारी नव्हती. ती ग्राफिक्सने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते, ती चोरी नव्हे. पण आठ टाकून तीन-साडेतीनच दिसली तर मात्र विंडोज ३२ बिटची आहे समजा. तिला चारच्या वर वापरताच येत नाही. आमच्या शाळेच्या एका जुन्या यंत्राचं असंच होतं, आधीच्या कुणीतरी हौसेने टाकलेली जादा रॅम अनेक वर्षं नुसती बसून होती.

इथे गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. तीन दिवसांनी मुलीचा फोन. "मॅडम, आधीपेक्षा बरा आहे, पण सुरू झाल्यावर दहा मिनिटं काहीच करता येत नाही." तिला टास्क मॅनेजरचा फोटो पाठवायला सांगितलं. मेमरी ४८ टक्के. डिस्क १०० टक्के.

म्हणजे मी दोनदा चुकले होते. एकदा चुकीची रॅम सांगितली, आणि त्याच्याही आधी दुखणं कुठे आहे ते न बघता रॅम सांगितली. त्या लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क होती. रॅम भरली की संगणक उरलेलं काम डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसं उचलून आणतो. ती डिस्क मुळातच संथ, म्हणून सगळं अडकायचं. ताईंना हे मी समजावायला लागले, माझी नेहमीची टेबल-आणि-कपाट अशी उपमा काढली, तर त्याच म्हणाल्या, "म्हणजे हाताशी फळी छोटी आहे, म्हणून गठ्ठे जिन्याखाली ठेवायचे. आणि सारखं उठून जिन्याखाली जायचं. आपण फळी मोठी केली, पण सकाळी पहिला माल तर जिन्याखालूनच आणायचा ना!" मी वर्गात आता हीच उपमा देते. टेबल-कपाट बंद.

तेव्हा पहिला प्रश्न, रॅमच हवी आहे का? लॅपटॉप अडकलेला असतानाच टास्क मॅनेजर बघा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. मेमरी निम्मीच वापरात आणि डिस्क शंभर टक्के, तर आधी एसएसडी टाका. अडीच इंची साटा एसएसडी तशा जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्याच जागी बसते. त्या मुलीच्या लॅपटॉपला दोन्ही हवं होतं, पण पैसे एकाच वेळेपुरते असते तर मी आज एसएसडी आधी सांगितली असती. ती त्यांनी दिवाळीत टाकली. तोवर आम्ही विंडोजबरोबर आपोआप सुरू होणारे सात-आठ प्रोग्रॅम बंद करून ठेवले, त्यात दोन तर अँटिव्हायरस होते, एकमेकांवर पहारा देणारे.

एकोणीसशे रुपयांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी पाकिटात पूर्ण रक्कम घालून दिली. ताईंनी पाकीट उघडलं, मोजलं आणि साडेचारशे परत केले. "हे तर लागलेच असते." बाकीचे चौदाशे पन्नास त्यांनी घेतले, उगाच नको-नको केलं नाही, आणि त्याचं मला फार बरं वाटलं. ती डीडीआर४ पट्टी माझ्या कपाटात पडून राहिली. पुढे एका सहकाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये ती बसली. त्यांच्याकडे आधीची चार जीबी २४०० ची होती, ही २६६६ ची. दोघी २४०० ने गुण्यागोविंदाने चालतात. चार अधिक आठ, बारा. "जोडी सारखीच लागते" असं काही लोक ठामपणे सांगतात. सारखी असली तर थोडा फायदा होतो, कारण प्रोसेसर दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी बोलतो. पण वेगळ्या असल्या म्हणून अडत नाही. आधीची चार जीबी चांगली पट्टी काढून फेकायला लावणाऱ्या माणसाला कारण विचारा.

आता खर्चाबद्दल. वर मी जे भाव लिहिले ते २०२४ चे आहेत, त्यांवर जाऊ नका. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर एकदम चढले. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी महागडी मेमरी बनवण्याकडे त्यांचे कारखाने वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की तुमच्या-माझ्यासारख्यांना रॅम विकणारा आपला क्रूशियल हा ब्रँडच आता बंद करणार. कॅम्प ३ च्या बोळात धागे कापणाऱ्या बाईच्या लॅपटॉपचा भाव तिकडे ठरतो. म्हणून सध्या सेकंडहँड पट्टीला नाक मुरडू नका. रॅममध्ये फिरणारा भाग नसतो, ती झिजत नाही. चालली तर वर्षानुवर्षं चालते, आणि खराब असेल तर बहुधा लवकर कळतं. विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक म्हणून तपासणी आहे, स्टार्टमध्ये ते नाव टाइप केलं की मिळते. दुकानदाराने दिलेल्या सात दिवसांत ती एकदा रात्री लावून ठेवा. नवी घेतली तर बिल जपून ठेवा, चांगल्या कंपन्या कित्येक वर्षांची हमी देतात, पण बिल हरवलं की ती हमी मागायची कशी? आणि पाकीट फोडण्याआधी दुकानदाराला विचारा, "बसली नाही तर बदलून द्याल का?" एवढं एक वाक्य ताईंनी विचारलं असतं, किंवा मी त्यांना विचारायला सांगितलं असतं, तर हे रामायण झालंच नसतं.

लॅमिंग्टन रोडला जावं का, असंही पालक विचारतात. उल्हासनगरहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, परत तोच प्रवास. एका पट्टीसाठी मी जाणार नाही. शंभर-दीडशे वाचतात आणि अर्धा दिवस जातो, शिवाय बसली नाही तर परत कोण जाणार? शाळेसाठी दहा लॅपटॉपची एकदम घ्यायची असेल तर जरूर जा.

आपल्या कामाला किती लागते हेही सांगते. चारवरून आठ केली की फरक जाणवतो, खूप जाणवतो. आठवरून सोळा केली की निकालपत्रक, पीपीटी, ऑनलाइन तास, दहा-बारा टॅब एवढ्या कामात फारसा जाणवत नाही. व्हिडिओ एडिटिंग करणारे शिक्षक वेगळे. आणि फार जुन्या लॅपटॉपवर किती खर्च करायचा यालाही मर्यादा हवी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि इंटेलचा आठव्या जनरेशनच्या आतला प्रोसेसर सहसा विंडोज ११ च्या यादीत नाही. सुरक्षेचे अपडेट वाढवून घेण्याची सोय घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, पुढे लिनक्सवर जावं लागेल. आठ जीबीत लिनक्स मिंट मस्त चालतं, मी वापरून पाहिलंय. पण तशा लॅपटॉपमध्ये सोळा जीबी नवीकोरी रॅम आजच्या भावाने टाकणं मला पटत नाही. नवा लॅपटॉप घेणाऱ्या पालकांना मी सध्या एकच गोष्ट विचारायला सांगते, रॅमची एखादी खाच मोकळी आहे का. खूप पातळ लॅपटॉपमध्ये रॅम डकवलेली असते, मग चार वर्षांनी माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

ती मुलगी आता डिप्लोमा-बिप्लोमा नाही, कॉलेजात आयटी करते आहे. लॅपटॉप तोच.

मागच्या आठवड्यात ताईंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. शेजारणीच्या मुलाचा लॅपटॉप, मागचं झाकण उघडलेलं, पट्टीच्या लेबलचा जवळून घेतलेला स्पष्ट फोटो: ८ जीबी, १आरएक्स८, पीसी४-३२००एए. खाली टास्क मॅनेजरचा दुसरा फोटो, मेमरी ९३ टक्के, डिस्क ६ टक्के. आणि आवाजी निरोप: "मॅडम, दुकानात जायच्या आधीच पाठवलंय. डीडीआर४ च ना ही? आणि खाच एकच हाय, मग आठ काढून सोळाचीच घ्यावी लागंल का?"

मी उत्तर दिलं, हो, ताई. आणि निघालेली आठची पट्टी कुणाला लागते का ते विचारते शाळेत.